सीझन संपू दे

आमच्या घरमालकांच्या खोलीतून शिंका ऐकू आल्या की आम्ही भाडेकरू बायका भराभर स्वयंपाक आटपायला लागायचो. आज उपाशी येणार, हे त्या शिंकांवरून कळायचं.

आता उपाशी कोण आणि शिंका कसल्या, हे तुम्हाला कळायचं नाही. मी आपली एकदम मधूनच सुरू झाले. माझं बोलणं असंच असतं. तर आधी घरमालकांचं सांगते.

नंदुरबारला आम्ही त्यांच्या घरी राहायचो तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. गाव त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून आम्हीही आप्पाच म्हणायचो. सगळी हयात मिरचीच्या व्यापारात गेली. घरामागं त्यांची पथारी होती, म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं रान. ऐन दिवसांत तिथं माती दिसायची नाही, जिकडंतिकडं लाल. आमच्याकडं वर्षाचे ऋतू तीन असतील शाळेच्या पुस्तकात. गावात एकच, सीझन. दसऱ्याला उघडायचा, होळीला उतरायचा. या सीझनमध्ये आप्पांना दुसरं काही सांगायचं नाही. दाढ दुखली, तर लवंग धरून बसायचे, डॉक्टर होळीनंतर. पाहुणे आले, तर होळीनंतर या. त्यांचा एकुलता एक मुलगा ऐन सीझनमध्ये आजोळी झाला. त्यांच्या मंडळी मला हसत हसत सांगायच्या, बरं का, पण डोळ्यांनी हसायच्या नाहीत, की बाळाचं तोंड पाहायला हे गेले ते होळी करून. आणि पाहून आपल्या अहिराणीत म्हणाले काय, तर, "रंग चांगला शे."

मिरचीचीच पारख. दुसरी माहीतच नव्हती.

पुढं गुडघे गेले, व्यापार सोडला, मंडळीही गेल्या. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरवर मोठ्या नोकरीत. बापाला करमत नाही म्हणून एका जूनमध्ये तो मोठा टीव्ही घेऊन आला, सीडी लावायचं यंत्र आणलं आणि सोबत सीड्यांचा एक चकचकीत डबा. डबा त्याच्या मुलीचा. ती आता मोबाईलवर पाहायची, म्हणून तो आजोबांना. मुलगा सगळं जोडून देऊन दुसऱ्या दिवशी परत गेला. आप्पांनी डबा हातात घेऊन मिरचीचं पोतं पारखावं तसा उलटासुलटा केला आणि पुढच्या खोलीतल्या सरांना हाक मारली. हे सर नवापूरकडचे, हायस्कूलला, एकटेच राहायचे. इंग्रजी येतं अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांनीच पसरवलेली होती.

"सर, दखा बरं, काय लिखेल शे?"

"सीझन थ्री. तिसरा सीझन, आप्पा."

"कसाना?"

"अमेरिकेतली मालिका आहे. एक माणूस असतो, त्याच्या अंगात शक्ती असते. सुपरहिरो म्हणतात."

"ते ऱ्हाऊ द्या. तिसरा म्हनस, मंग पहिला दोन कोठे शेत?"

"ते नाहीत यात."

आप्पांनी मान हलवली. मिरचीचं झाड एकदाच तोडत नाहीत. पहिल्या तोड्याचा माल टपोरा, दुसऱ्याचा बरा, तिसऱ्याचा बारका आणि जहाल. "वा रे पुनं!" म्हणाले. "पहिला दोन तोडाना माल सोता लई गयात, आन् तिसरा आप्पाले!" आणि डबा नेऊन कपाटात कुलूपबंद केला.

सर म्हणाले, "आप्पा, लावा की. बघू."

"आते? जूनमा? सीझन उघडू द्या ना."

सरांना वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. डब्यावर सीझन लिहिलंय, म्हणजे माल सीझनचा, सीझनलाच निघणार. आप्पांच्या डोक्यात दुसरा अर्थ शिरायला जागाच नव्हती. तो डबा पावसाळाभर कपाटात पडून राहिला. दसऱ्याला त्यांनी जुना वजनकाटा पुसून पाटावर ठेवला, शेजारी सीडीचं यंत्र ठेवलं, दोघांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सीझन उघडला.

बरं, सीड्यांना कसर लागू नये म्हणून त्यांनी डब्यात काय ठेवलं असेल? वाळल्या मिरच्या! धान्यात ठेवतात तशा. डबा उघडला की पहिली शिंक आप्पांची, मग सरांची, मग आम्हा सगळ्यांची. सीडी धोतराच्या सोग्यानं पुसायचे, तोच हात कधी डोळ्याला लागायचा, आणि अजून चित्र सुरू व्हायच्या आधीच आमचे सगळ्यांचे डोळे वाहत असायचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, या घरात कोणीतरी गेलं.

बसायची जागाही ठरलेली. सर खुर्चीवर, कारण ते भाषांतर करणार. आप्पा पलंगावर, रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून. खाली सतरंजीवर मी, आमचे हे, आणि मागच्या खोलीतल्या शबनमभाभी. भाभींचे मालक रजया-गाद्या भरायचे. ते कापूस झाडून येईपर्यंत निम्मा खेळ झालेला असायचा. आठवड्यात एक सीडी. मध्ये बोलायला परवानगी, उठून जायला नाही. एकदा मी दूध उतू जाईल म्हणून उठले तर म्हणाले, "ताई, बाजारमाथून मानूस उठना का भाव पडस." बसले बाई.

आता उपाशी. तो त्या मालिकेतला नायक. दिवसा एका वाचनालयात कारकून, आणि गावावर संकट आलं की डोळ्यांवर काळी पट्टी बांधून बाहेर पडायचा. त्याची शक्ती अशी, की हात वर केला की समोरची धावती वस्तू जागच्या जागी थांबायची. ट्रक थांबायचा, आगगाडी थांबायची, एकदा तर कोसळणारा पूलच थांबला. त्याचं इंग्रजी नाव आम्हाला घेता यायचं नाही. पण शबनमभाभींनी दुसऱ्याच आठवड्यात ओळखलं की हा माणूस काही खातच नाही. "अरे, इसको कोई रोटी तो दो! सुबह से भाग रहा है बिचारा, किसी ने पानी भी नहीं पूछा." तेव्हापासून तो उपाशी. एका भागात त्याच्यासमोर ताट आलं, आम्ही सगळे पुढं सरकलो, आणि नेमका भोंगा वाजला. गेला तसाच. भाभींनी तर कपाळाला हात लावला.

आमचे हे एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. ट्रक थांबलेला पाहून म्हणाले, "असा कसा थांबेल? ब्रेकचा काही संबंध आहे की नाही?"

आप्पा म्हणाले, "तुम्हनी यष्टी प्रकाशा गावना फाट्यावर दोन्ही हात वर करीसन थांबत नही. आठे ट्रक थांबस, तर तुमले तरास!"

यांनी पुढं महिनाभर त्या मालिकेवर तोंड उघडलं नाही.

पण आप्पांचा खरा राग त्या वाचनालयातल्या मुलीवर. ती उपाशीच्या शेजारच्या टेबलाला बसायची, त्याच्यावर जीव टाकायची, आणि पट्टी बांधलेला तोच माणूस समोर आला की विचारायची, आपण कोण? आप्पा रिमोट पिळायचे. "वरीसभर टेबलले टेबल लाईसन बसस, आन् डोयासले पट्टी बांधी का वळखाये नही? मन्ही पथारीवर बाया आखं तोंड फडकामा बांधेत, निस्ते डोया दिसेत. तरी मी पाठ दखीसन सांगू, कोन शे ती!" आणि हे अगदी खरं होतं. ठसक्यापायी सगळ्याच बायका नाकतोंड गुंडाळून मिरची निवडायच्या. शंभर बायकांतून आप्पा नावानं हाक मारायचे, पाठमोरीला. त्या हिशेबानं अमेरिका म्हणजे त्यांना आंधळ्यांचं गाव वाटायचं.

तिसरी होती एक पांढऱ्या केसांची बाई. सदा संत्रं सोलत बसलेली. ती उपाशीला काहीतरी सांगायची, तो चिडायचा, मग त्याच्या वाटेत संकटं यायची, ती हीच पाठवते असं आम्ही धरून चाललो. सर म्हणाले, ही तिथली नगराध्यक्षा. त्याला शहर सोडून जायची नोटीस देते आहे. आम्हाला लगेच पटलं. नगराध्यक्षा दुसरं काय करणार?

आणि एक सांगायचं राहिलंच. इंग्रजी चित्र म्हटलं की मधूनच ते हे येतंच, दोघांचं जवळ येणं. पहिल्या वर्षी आप्पांची तारांबळ उडाली. दुसऱ्या वर्षापासून त्यांना जागा पाठ झाल्या. तसं काही यायच्या जरा आधी ते उठायचे. "नळले पानी उनं का, दखी येस." नळाला पाणी सकाळी यायचं, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक. आम्ही बायका मग खाली सतरंजीची वीण बघत बसायचो, आणि सर मात्र भाषांतरासाठी म्हणून बारकाईनं बघायचे, बोलत तर कोणीच नसायचं तिथं!

दुसऱ्या वर्षी म्हटलं ना, त्याचं असं झालं. पहिल्या वर्षी वीज जायची, एकदा आप्पांना ताप आला, आणि होळी आली तेव्हा एक सीडी राहिली होती. शेवटचीच. सर हातापाया पडले. "आप्पा, एकच राहिली. उद्या बघून टाकू."

"होळी पेटनी सर. सीझन बंद."

"अहो पण शेवट..."

"दसऱ्याले."

आणि दसऱ्याला नारळ फोडून लावली ती पुन्हा पहिली सीडी. नवा सीझन शेवटच्या पोत्यापासून सुरू करतात का कधी? सरांनी त्या दिवशी भाषांतर असं केलं, जसं मुलं शिक्षा म्हणून पाढे म्हणतात.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग आप्पा न्हाणीघरात घसरून पडले. हाड शाबूत राहिलं, पण बातमी पुण्याला पोचली, आणि मुलाचे फोन सुरू झाले. एकटं राहायचं नाही, पुण्याला या. घर आणि पथारी विकून टाकू, गिऱ्हाईक तयार आहे. मुलाचं काही चुकत नव्हतं, मी मुलांची आई आहे, मला कळतं. पण आप्पा पुण्याला एकदा जाऊन आले होते. अकराव्या मजल्यावर. आल्यावर मला म्हणाले, "ताई, तठे हवाले काही वासच नही. दम लई ऱ्हायनू का नही, तेच समजेना." आणि घर विकलं म्हणजे आम्हीही रस्त्यावर. एवढ्या भाड्यात दोन खोल्या आणि मागं उघडं रान गावात कुठं मिळणार होतं? शबनमभाभींच्या मालकांना कापूस पिंजायला तर कोणी दारातच उभं केलं नसतं.

आप्पा मुलाशी भांडले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "येसू ना. सीझन संपू दे."

मुलगा त्याच घरात वाढलेला. सीझन संपू दे, हे त्यानं आईच्या दुखण्यापासून स्वतःच्या फीपर्यंत सगळ्याला ऐकलेलं. जिभेला वळण लागतं तसं त्याच्या कानाला लागलेलं. बरं म्हणाला. होळी गेली, उन्हाळा गेला. दुसऱ्या साली पुन्हा तेच. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. फोन मोठ्या आवाजावर होता, आम्ही सगळे तिथंच.

"आप्पा, धंदा सोडून जमाना झाला. कसला सीझन आहे तुमचा?"

"कसला म्हनजे? तूच धाडेल शे ना!"

मग त्यानं विचारलं, "म्हणजे ती मालिका? ती अजून संपली नाही?"

"येक सीडी बाकी शे."

तेव्हा त्याला कळलं की पहिल्या वर्षी चुकून राहिलेली ती सीडी आता आप्पा राखून ठेवत होते. कधी भाभीच्या लेकराची परीक्षा, कधी सरांचा घसा. होळीच्या आधी काहीतरी निघायचंच. आणि आम्ही? आम्हीही कमी नव्हतो. एकदा शेवटच्या आठवड्यात माझ्या माहेरी लग्न निघालं, ते लग्न मी दोन दिवस आधी मनानंच काढलेलं, एवढं सांगते.

शेवटी मुलगा जानेवारीत गाडी घेऊन आला. उंच, गोरा, चेहरा आईचा. दोन दिवसांची रजा. येताच म्हणाला, "आप्पा, शब्द दिलाय तुम्ही. ती एक सीडी आज सगळ्यांसमोर बघू. संपली की उद्या निघायचं."

आप्पा म्हणाले, "कबूल. पन माल पुरा दखना पडी. पहिली सीडीपासून."

"दोन दिवसांत?"

"तुन्हा सौदा शे. तूच ठराव."

तो खुर्चीवर बसला, मांडीवर लॅपटॉप. सर आपोआप सतरंजीवर आले. डबा उघडला, पुण्यात राहून नाकाची ती सवयच मोडलेली, शिंकून शिंकून लाल झाला बिचारा. पहिल्या दिवशी नुसता काम करत होता, वर बघायचा नाही. मी चहा, मग खिचडी, मग कढी फिरवत राहिले. काळजी अशी की घास आम्हालाही उतरत नव्हता. घरच जायला निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पांढऱ्या केसांची बाई संत्रं सोलत बोलायला लागली. सर सवयीनं म्हणाले, "नगराध्यक्षा म्हणतात, शहर सोड."

मुलगा लॅपटॉपवरून वर न बघता म्हणाला, "नगराध्यक्षा कुठली? आई आहे ती त्याची."

आम्ही सगळे सरांकडं वळलो.

"उच्चार फार वेगळा असतो हो त्यांचा," सर म्हणाले.

"आई?" शबनमभाभी छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "और खाना नहीं देती?"

आप्पांनी चित्र थांबवलं. "काय म्हनस ती?"

"म्हणते, हे गाव सोड, माझ्याकडं राहायला चल. तुला इथं काही कमी-जास्त झालं तर कोण आहे?"

"मंग तो जात काबर नही?"

मुलगा बोटं चालवत होता. विचार न करता बोलून गेला. "कसा जाईल? त्याचं सगळं इथंच आहे ना, आप्पा. तिथं त्याला ओळखतं कोण?"

आणि मग त्याची बोटं थांबली.

आप्पा पलंगावरून उतरले. "पानी उनं का, दखी येस," म्हणाले आणि गेले. पडद्यावर तर नुसतं संत्रं होतं. मुलानं लॅपटॉप मिटला. आप्पा परत येईपर्यंत तो थांबलेल्या चित्राकडंच बघत बसला होता.

दिवेलागणीला शेवटची सीडी लागली. सगळ्यांनीच पहिल्यांदा पाहिलेली. काय सांगू! उपाशीनं आगगाडी थांबवली, आग थांबवली, आणि त्या मुलीला वाचवायला उंच मनोऱ्यावर चढला. तिथं त्याची पट्टी सुटली. मुलीनं तोंड पाहिलं, एकदाचं ओळखलं! आप्पा ओरडले, "उजाडनं वं माय तुले!" आणि तेवढ्यात उपाशीचा पाय घसरला. स्वतःला हात करून थांबवता येत नाही, हे आम्हाला तेव्हा समजलं. खाली, खाली, खाली जातोय, ती बाई संत्रं टाकून धावतेय, आणि काळोख. पडद्यावर पांढरी अक्षरं.

भाभी रडत होत्या. मिरचीचं रडणं नव्हतं ते.

आप्पा शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुले इंग्रजी येस. वाच, काय लिखेल शे."

मुलानं अक्षरं आधी मनातच वाचली.

"वाच ना."

"पुढे चालू," तो म्हणाला.

"म्हनजे? सीझन संपना का?"

मुलानं आमच्याकडं पाहिलं. आम्ही सगळे त्याच्याकडं. सर तर तोंड उघडं टाकून.

"आप्पा, ही फसवणूक आहे."

"मन्ही नही. डबा कोनी आना?"

मुलगा आधी रागानं उठला, मग खुर्चीत परत बसला आणि हसायला लागला. हसता हसता शिंका, शिंकता शिंकता हसणं. दुसऱ्या दिवशी एकटाच गेला. निसरड्या न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडा तेवढा बसवून गेला.

आप्पा काही तेव्हा लहान मुलासारखे नाचले वगैरे नाहीत. व्यापारी माणूस. सौदा राहिला म्हणून गिऱ्हाईक गेलं, एवढीच नोंद चेहऱ्यावर. पण फोनची वाट पाहायला लागले, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. आला तो होळी झाल्यावर. तब्येत, औषधं, भाड्याचं वगैरे बोलणं झालं. मग मुलगा अडखळत म्हणाला, "आप्पा, तो... वाचला का हो?"

आता बघा, सगळा जन्म कॉम्प्युटरवर घालवलेला माणूस. एक बोट फिरवलं असतं तर त्याला कळलं असतं. पण त्यानं विचारलं ते नंदुरबारला, आप्पांना, ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.

"माले काय ठाऊक?" आप्पा म्हणाले. "चवथा दखना पडी."

"मिळतोय तो. आजच कुरियरनं पाठवतो."

"कुरियर नको. तू लई ये. आन् आते नही, सीझनले."

दसऱ्याच्या सकाळी गाडी दारात उभी राहिली. यावेळी सोबत बायको होती, मुलगी होती, आणि सात दिवसांची रजा. आप्पा वजनकाटा पुसत ओसरीवर बसले होते. मुलानं डबा पुढं केला. आप्पांनी चष्मा लावला, डबा उजेडाकडं धरला आणि चारी कडांवरून बोट फिरवून बघितलं, पोत्याची शिवण उसवलेली आहे का पाहतात तसं.

"फोडं नही ना रे?"

"नही, आप्पा," मुलगा म्हणाला. पुण्याचा मुलगा, आमच्या बोलीत. "तुम्हनाबिगर कसं फोडू?"

आप्पांनी ओसरीवर सरकून शेजारी जागा केली.

"बठ मंग."